दहा मडक्यांची शर्यत

९ नोव्हेंबर १९६१. पाडवा. सारंगखेडा.
आजपासून नवी सुरुवात. गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली, एक इंग्रजी मासिक सापडलं. धुळ्याच्या ज्या वकिलांकडून लँडमास्टर घेतली, त्यांचं राहून गेलेलं असणार. त्यात लिहिलंय की विलायतेत लोक आपल्या रोजच्याच गाडीने शर्यत करतात. मोकळ्या मैदानात खुंटे मांडायचे, घड्याळ लावायचं आणि खुंट्यांमधून नागमोडी गाडी काढायची. खुंटा पाडला की दंड. वेगळी गाडी लागत नाही, चालवणारा हवा. वाचून अंगावर काटा आला. वय त्रेचाळीस. इतके दिवस मी केळी आणि कापूस करत बसलो.
संकल्प: रोज पहाटे पाचला प्रॅक्टिस. जानेवारीत मुंबईला, तिथल्या मोटरशर्यतीत.

१० नोव्हेंबर. भाऊबीज.
साडेआठला उठलो. सण होता.
बायकोकडून, सरलाकडून, ओवाळून घ्यायला तिचा भाऊ रतिलाल लोणखेड्याहून आला. घोडीवर. जेवताना त्याला मासिकातलं सगळं समजावून सांगितलं. तो श्रीखंड चाटत म्हणाला, 'दाजी, तुम्हनी मोटर वळस, तवलोंग मन्ही घोडी पाणी पी ई.' माझी गाडी वळेपर्यंत याची घोडी पाणी पिऊन येणार! मी म्हणालो, लाव पैज. दत्ताच्या जत्रेत, घोड्यांच्या मैदानावर, दहा खुंट्यांची फेरी. तुझी घोडी, माझी गाडी.
तेवढ्यात सरला वाढता वाढता मध्ये पडली. जिंकलात तर गाडी तुमची, पुन्हा एक शब्द बोलणार नाही. हरलात तर स्टेअरिंगला हात लावायचा नाही, आणि किल्ली मी सांगेन त्याच्या हातात. मागच्या महिन्यात केळीची अकरा झाडं गेली त्याचा राग आहे. वास्तविक मी ब्रेक दाबणारच होतो.
कबूल केलं. किल्ली जान्याकडे जाणार, दुसरं कोण. जान्या आमचा ड्रायव्हर, मिशा पिकलेल्या, माणूस सालस. पण त्याला इंग्रजी येत नाही.

१३ नोव्हेंबर.
खुंटे मिळत नाहीत. कुंभाराकडून दहा मडकी आणली, चुन्याने पांढरी केली. लांबून सुंदर दिसतात. शाळेच्या ड्रिल मास्तरांकडून स्टॉपवॉच आणलं. हेल्मेटऐवजी सोला हॅट.
मासिक सांगतं, गाडीतलं सगळं सुटं सामान आधी बाहेर काढा. काढलं: दोन विळे, अर्धं पोतं सरकी, घागर, कुणाची तरी एक वहाण, कौसाफुईची जपमाळ. (फुई म्हणजे वडिलांची बहीण. वय ऐंशी, आवाज तीस.) गाडी एकदम हलकी झाली. मीही.

१४ नोव्हेंबर, सकाळ.
मैदानाकडे निघालो. गल्लीच्या तोंडावर कौसाफुई उभी. 'कोठे जाई ऱ्हायना?' म्हटलं, कुठं नाही, मैदानात गोल फिरून येतो. ती म्हणाली, 'मंग रिकामी गाडी कसाले ली जास रे? पाप लागस.' आणि बसली. तिच्यामागून शेजारच्या फुलीबाई, केळीच्या दोन फण्या घेऊन. मग एक मास्तर.
आपल्याकडे हेच आहे. मोटर निघाली आणि जागा रिकामी असली की ती गावाची. नाही कसं म्हणायचं? वडिलांनी बैलगाडीतसुद्धा कधी कुणाला नाही म्हटलं नाही.
शहाद्याला सगळ्यांना सोडून आलो. प्रॅक्टिस झाली नाही. पण लाँग डिस्टन्सचा अनुभव मिळाला.

१९ नोव्हेंबर.
पहिली प्रॅक्टिस. कौसाफुई मागे बसून होती, तिला वाटलं हा शहाद्याचा नवा रस्ता. दहापैकी सात मडकी फुटली. तीन वाचली, म्हणजे तीस टक्के. पहिल्याच दिवशी.
मासिक म्हणतं, खुंट्याकडे बघू नका, पुढच्या मोकळ्या जागेकडे बघा. गाडी नजर जाईल तिकडे जाते. हे खरं आहे. मी मडक्याकडे बघत होतो आणि गाडी अगदी अचूक तिकडेच जात होती. कंट्रोल आहे, फक्त दिशेचा प्रश्न.

२१ नोव्हेंबर.
जेवताना सरला म्हणाली, 'वळणना पहिले रास ओढनी पडस, वळणमा नही.' माहेरी ती बैलांची दमणी हाकायची, त्यातलं शहाणपण. मी समजावलं की बैल वेगळे, इंजिन वेगळं. तिने भाकरी उलटली.
दुपारी मासिक वाचलं. पान अकरावर: वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. केवढा खोल विचार. असं आपल्याकडे कोण सांगणार?

२८ नोव्हेंबर.
प्रगती. आज मैदानावर गेलो तर मडक्यांभोवती चाकांच्या खुणा इतक्या सुबक की बघत राहिलो. प्रत्येक मडक्यापासून एक हात अंतर, शेवटपर्यंत सारखं. कालच्या माझ्याच असणार. चालवताना आपल्याला आपलं कौशल्य दिसत नाही, खुणांवरून कळतं.
आज मात्र सहा फुटली. खुणांवरून चालवायला गेलो म्हणून.
संकल्प: खुणांकडे बघायचं नाही.

२ डिसेंबर.
दुपारी दोन तास झोपतो. शर्यतवाल्याला विश्रांती हवी. उठलो तर पेट्रोलचा काटा खाली. जान्याला फैलावर घेतलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, 'बाईले इचारा.' बरोबरच आहे, गाडीचा खर्च सरलाच बघते. विचारायला गेलो, पण ती पाय धूत होती. पायाला चुना. म्हणाली, मडक्यांचा रंग गेला होता, पुन्हा लावून आले.
मन भरून आलं. वरून रागावते, पण आतून मी जिंकावं असंच तिला वाटतं. पेट्रोलचं विचारायचं राहून गेलं.

९ डिसेंबर.
आज घरी कुणी नाही म्हणून एकटा बसून लिहितो. मला ही शर्यत का जिंकायची आहे? गाडी घेऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मला वाटलं तिथं मी एकदाही गेलो नाही. फुईला शहादा, मास्तरांना लोणखेडा, कुणाची सासरवाडी, कुणाची औषधं. सगळे दार उघडून बसतात आणि सांगतात, इथं थांब, तिथं वळ. तुला कुठं जायचंय, असं आजवर मला कुणी विचारलं नाही. त्या दहा मडक्यांमध्ये तरी मी वळवीन तिकडे गाडी वळेल.
म्हणून हरायचं नाही. हरलो तर माझ्याच गाडीत मी पाव्हणा.
(पहाटे पाचचा संकल्प अजून कायम आहे. थंडी कमी झाली की.)

१७ डिसेंबर.
जत्रा भरू लागली. मैदानावर घोडे आले, मडकी नदीकडच्या बाजूला हलवावी लागली. तिथं थोडी वाळू आहे. वाळूचं मासिकात काही नाही, म्हणजे महत्त्वाची नसणार.
रतिलालची घोडी लोक दात उघडून बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात, चाल बघायला पळवतात. माझ्या गाडीचं बॉनेट कुणी उघडून बघितलं नाही. एकाने टायरवर पान थुंकलं.

२३ डिसेंबर, सकाळी १०.
जिंकलो. रतिलालची घोडी सकाळीच विकली गेली. मालेगावचा कुणी घेऊन गेला. रतिलाल तोंड पाडून म्हणाला, दाजी, आता तुम्ही एकटेच. सरला म्हणाली, पैज ती पैज, दहा मडक्यांची फेरी पुरी करून दाखवा, मग मानू. बास. आता फक्त धावणं बाकी आहे. मुंबईचं पत्र दुपारी लिहावं.

२३ डिसेंबर, संध्याकाळी ६.
शांतपणे लिहितो.
मैदानावर चारशे माणूस. हॅट घातली. दार लावताना बघतो तर मागच्या सीटवर कौसाफुई, फुलीबाई आणि नंदुरबारच्या दोन अनोळखी बायका. गाडी सुटणार म्हणून बसल्या होत्या. उतरा कसं म्हणू? चारशे लोकांसमोर, सणाच्या दिवशी, ऐंशी वर्षांच्या म्हातारीला?
पहिलं मडकं फुटलं. दुसरं फुटलं. तिसऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, म्हणून डोळे मिटले. तिसरं फुटलं, चौथंही, आणि मग गाडी वाळूत गेली. चाकं फिरत राहिली, गाडी खाली जात राहिली. फुईला वाटलं पोचलो, तिने मागून विचारलं, शहादं उन का?
बैलजोडी लावून गाडी काढली. शर्यतीत मी एकटाच होतो आणि हरलो. कुणी फारसं हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
सरलाने हात पुढे केला. मी किल्ली दिली आणि जान्याला हाक मारली. जान्या चार नवी मडकी मांडत होता, त्याने वर बघितलंच नाही. सरलाने पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मला वाटलं, काहीतरी शोधते आहे. मागच्या चौघी उतरल्या नाहीत.
गाडी निघाली. प्रत्येक मडक्याआधी हळू, मग सरळ बाहेर. एक हात अंतर, शेवटपर्यंत सारखं. त्या खुणा मी ओळखल्या.
माझ्या हातात घड्याळ होतं. सवयीने दाबलं गेलं. एक मिनिट, नऊ सेकंद. मडकी फुटली: शून्य. रतिलाल शिट्ट्या मारत होता. जान्या तेवढा माझी नजर चुकवत होता.

२४ डिसेंबर.
स्टॉपवॉच परत केलं. मास्तर म्हणाले, राहू द्या, वहिनींना लागेल.
मासिक सरलाने मागितलं. वाचता येत नाही, चित्रं बघते म्हणाली.

२७ डिसेंबर.
नवा संकल्प: पायी चालणे. तब्येतीला चांगलं.
शहाद्याच्या रस्त्याने निघालो, अर्धा मैल गेलो असेन. मागून हॉर्न. गाडी शेजारी येऊन थांबली, धक्का न देता. सरला स्टेअरिंगवर, शेजारी फुलीबाई, मागे कौसाफुई, एक मास्तर आणि मधे एका माणसाची जागा. फुई म्हणाली, बस रे, रिकामी जागा सोडी जावानी नही. नाही कसं म्हणायचं? बसलो.
लोणखेड्याच्या वळणाआधी गाडी हळू झाली. सरलाने आरशात माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'तुमले कोठे उतारू?'
सहा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. विचार केला, खूप केला. वळण गेलं, लोणखेडा गेला, शहादा आला. सगळे उतरले. मला अजून काही सुचलेलं नाही.