पंचविसावी फेरी

प्रिय रेनातो,

तुला मराठी येत नव्हतं, हे ठाऊक आहे. पण आता तुझ्याकडे शिकायला वेळच वेळ आहे, आणि मला इंग्रजीत खरं बोलणं कधी जमलं नाही. आजच लिहायला बसलो, कारण दुपारच्या टपालाने तुझ्या बहिणीचं पार्सल आलं. तू गेल्याचं त्यातल्या चिठ्ठीवरूनच कळलं. एवढा वेगवान माणूस, आणि स्वतःची बातमी समुद्रमार्गे पाठवतोस?

सोबत तुझी धावण्याची वही. 'प्रोफेसरला द्या, असं तो सांगून गेला.' स्टोअरकीपरला प्रोफेसर म्हणणारा तू एकटाच. काय करू मी तिचं? तासभर हातात घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होतो.

इटालियन येत नाही, पण आकड्यांना विभक्ती नसते. पहिल्या पानावर सतरा वर्षांचा तू, गावाबाहेरच्या चढावर. मग कारखान्याचा संघ. मग देशाचा निळा बनियन, दोनदा. दहा हजार मीटरच्या एका वेळेखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस. पुढे टाचेवरची शीर दुखावली, आणि पानंच्या पानं कोरी. त्यानंतर एकदम दोहा, पाइपलाइनवरचा फोरमन.

आठवतं? दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मदच्या कॅम्पमधून सकाळी बस निघायची, तेव्हा तू रस्त्याच्या कडेने धावत असायचास. आमचा कराडचा ड्रायव्हर साहेबराव बस हळू करून ओरडायचा, "यल्ला पाव्हणं, बसा की आत! जागा हाय!"

मागून कुणीतरी म्हणायचं, "आरं, त्येला कुठं पोचायचंच न्हाई."

"मग पळतोय कशापायी?"

हेच मी तुला एकदा विचारलं. तू ती दोन रेघांची वेळ दाखवलीस. "ही एकदा मोडायची, प्रोफेसर. एकदाच. मग खलास."

मला संस्कृत पाठशाळेत बसायला शिकवलं होतं. पळणं हे अनध्यायाच्या, म्हणजे सुट्टीच्या, दिवशीचं पाप. तरी कंपनीच्या क्रीडादिनी फेऱ्या मोजायला तू मलाच बसवलंस! "संस्कृत शिकलेला माणूस चुकत नाही," असं मॅनेजरला सांगितलंस. केवढा गैरसमज!

चुन्याने आखलेलं मैदान, दहा हजार मीटरच्या पंचवीस फेऱ्या. मी डाव्या खिशात खजुराच्या पंचवीस बिया घेतल्या. फेरी झाली की एक बी उजव्या खिशात. इथवर ठीक होतं. पण आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि तेही माप भरायला घेतानाच. तू निघालास आणि माझ्या तोंडून बापाच्या सवयीने निघालं, "लाभ!" पहिली फेरी पुरी झाली, तेव्हा जीभ म्हणाली, "दोन."

हात बिचारे खरे होते. मी विश्वास ठेवला तोंडावर. तोंडाचे पंचवीस झाले, मी हात वर केला, मॅनेजरने घड्याळ थांबवलं. दोन रेघांची वेळ मोडली! सगळे नाचले. तू घड्याळाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि नुसता हसलास.

जेवायला बसताना डाव्या खिशातून रुमाल काढला, तर एक बी खाली पडली.

सांगणार होतो रे. पुढच्या शुक्रवारी, इन्शाल्ला. मग त्याच्या पुढच्या. तोवर मेसच्या फळ्यावर तुझी वेळ रंगवून झाली. तू इटलीला परतलास, वेळ फळ्यावरच राहिली. खेडचा दत्ताराम वेल्डर पाच वर्षं तिच्यामागे धावतोय. दरवर्षी घामाघूम होऊन मला विचारतो, "काका, माझं काय चुकतंय वो?"

मी सांगतो, "श्वास."

आज वहीत ते पान उघडलं. फेऱ्यांच्या जागी 24. वेळेची जागा कोरी. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात फक्त 1, आणि पुढे त्या एका फेरीची वेळ.

तेव्हा आठवलं. त्या सकाळी बसमधून आम्ही तुला पाहिलं होतं. रिकाम्या मैदानावर एकच फेरी मारून तू थांबलास. साहेबराव म्हणाला, "आज येकच? पाव्हण्याचा पाय दुखतोय जनू." मीही हसलो होतो!

म्हणजे तुला माहीत होतं. पायांनी मोजणाऱ्याला कसं कळणार नाही? मग बोलला का नाहीस? चारचौघांत माझी फजिती होऊ नये म्हणून? पुढची सगळी पानं चाळली मी. दहा हजार मीटर तू पुन्हा कधी धावलाच नाहीस. एवढी महाग सभ्यता कुणी सांगितली होती? मला एक शिवी दिली असतीस तर आपण पुढच्याच महिन्यात पुन्हा धावलो असतो. म्हणजे तू धावला असतास.

फळ्यावरची चोवीस फेऱ्यांची वेळ आणि वहीतली एका फेरीची, यांची बेरीज तू केली नाहीस. मी तीनदा करायला बसलो, तीनदा उठलो.

या शुक्रवारी सगळे मेसमध्ये जेवायला असतील, तेव्हा मी उभा राहीन. फळ्यावर तुझं नाव राहील. वेळेपुढे मी माझ्या हाताने लिहीन: 'फेऱ्या चोवीस. चूक मोजणाऱ्याची.' दत्तारामला सगळं सांगेन. तो मारायला धावला, तर मला पळता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

नंतर मैदानावर जाईन आणि एक फेरी चालेन. निघताना तोंड घट्ट मिटून ठेवीन. पुरी झाली की मगच म्हणेन, एक.

तुझा,
बसून राहिलेला प्रोफेसर,
वामन