हरकत आहे

तारनाका, हैदराबाद
१२ फेब्रुवारी १९९५

प्रिय हेमंत,

तू पाठवलेले व्हिसाचे कागद माझ्या टेबलावर आहेत आणि त्यांवर अजून माझी सही नाही. फोनवर तू विचारलंस तेव्हा मी ‘आवाज येत नाहीये’ म्हणून विषय टाळला. टेलिफोन एक्स्चेंज बनवणाऱ्या बाईनं लाइन खराब असल्याचं सोंग करावं, म्हणजे कमालच झाली! वैशाखात लग्न, लगेच न्यू जर्सी, आणि त्याआधी नोकरीचा राजीनामा, असं सगळं दोन्ही घरांनी ठरवलंय. त्याबद्दलच लिहायचंय. पण आधी जिनिव्हाचं ऐक, नाहीतर पुढचं तुला नीट कळणार नाही.

जायचं होतं खरं तर आमच्या साहेबांना, विठ्ठलरावांना. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं म्हणून माझी वर्णी लागली. तू त्यांना साखरपुड्यात पाहिलंयस. शेरवानीतले, सगळ्यांना आधी वाढा म्हणत स्वतः शेवटच्या पंगतीला बसलेले, ते. जिनिव्हात भरते ती समिती म्हणजे देशोदेशीचे इंजिनिअर एकत्र बसून ठरवतात, की कुठल्याही देशाचं यंत्र दुसऱ्या देशाच्या यंत्राशी कसं बोलेल, आणि यंत्र कसं असलं म्हणजे त्याला चांगलं म्हणायचं. मतदान जवळजवळ नसतंच. अध्यक्ष एकेक कलम वाचतात, मान वर करून विचारतात, कुणाची हरकत? कुणी बोललं नाही की कलम मंजूर. मौनं संमतिलक्षणम् ही आपल्याकडे नुसती म्हण आहे, तिथे तो कामकाजाचा नियम आहे.

आणि तिथेच गेल्या वर्षी आमचं गाडं अडलं. लहान गावांच्या एक्स्चेंजचं कलम निघालं. खोली वातानुकूलित असावी, तापमान चाळिसाच्या वर जाता कामा नये, असा मसुदा. थंड देशांतल्या माणसांनी लिहिलेला, त्यांच्या दृष्टीनं अगदी सरळ. अध्यक्षांनी हरकत विचारली आणि आमचे विठ्ठलराव गप्प. आदल्या संध्याकाळी त्याच अध्यक्षांच्या घरी ते जेवले होते. ज्याचं मीठ खाल्लं त्याला भरसभेत कसं अडवायचं? चहाच्या वेळी बाजूला घेऊन हळूच सांगू, असं त्यांनी ठरवलं. हळूच सांगितलंही. अध्यक्षांनी मनापासून ऐकून घेतलं आणि म्हणाले, पण कलम तर मंजूर झालं! भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. मी चिडले खरी, पण त्यांच्यावर रागावता येईना. या गावात वाढलेल्या कुठल्याही भल्या माणसानं तेच केलं असतं.

त्या एका ओळीनं काय होतं ते सांगते. आता बाजार उघडलाय, बाहेरच्या कंपन्या इथे यायला लागल्यात, आणि उद्या प्रत्येक टेंडरमध्ये ‘आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे’ हे शब्द असणार. म्हणजे आमचं एसीशिवाय चालणारं एक्स्चेंज आपल्याच देशात नापास, आणि एसीला वीज नाही म्हणून गाव फोनविना. नारायणखेडच्या बाजूला आमचं एक यंत्र पत्र्याच्या खोलीत बसवलंय. खोली दत्तोबांची, ते मिरचीचे व्यापारी. त्यांना हे कलम समजावलं तर पोट धरून हसले. ‘हितं माणसाला पंखा मिळंना, अन् तुमच्या डब्याला एसी पायजे का हौ?’ हे वाक्य मला जिनिव्हात जसंच्या तसं वाचून दाखवावंसं वाटत होतं.

या वेळी कलम अंतिम वाचनाला होतं. ज्यांना सुधारायचंय त्यांची ही शेवटची संधी. बर्फ पडत होता, सभागृह उबदार, सगळे पुरुष, आणि मी आईची निळी नारायणपेठ नेसलेली. अध्यक्ष कलम वाचत वाचत त्या ओळीवर आले. हरकत, असं विचारून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लहानपणापासून शिकलेलं सगळं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, पाहुणीनं पाहुणीसारखं राहावं, आडवं आलं. त्यांनी पान उलटायला हात उचलला तेव्हा मी माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, भारताची हरकत आहे. आवाज पोचला.

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. इजिप्तचा इंजिनिअर म्हणाला, आमचीही. मग ब्राझीलची, मग सेनेगलची पाटी वर झाली. सगळे ऊन सोसणारे देश! सगळे मागच्या वर्षी माझ्या साहेबांसारखेच गप्प बसलेले. फिनलंडच्या प्रतिनिधीनं मला पेचात पाडण्यासाठी नाही, मनापासून विचारलं, की यंत्र इतक्या उष्णतेत टिकतं याचा पुरावा काय? मी आमच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीतले आकडे दिले. त्यानं मान हलवली, भट्टी म्हणजे गाव नव्हे. बरोबरच बोलला तो. शेवटी ठरलं असं, की कलम ऑक्टोबरपर्यंत थांबवायचं. तोवर भारतानं खऱ्या गावात, खऱ्या खोलीत, उन्हाळा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत यंत्र चालवून दाखवायचं. मोजमाप कसं करायचं ते आम्ही, इजिप्त आणि तो फिनलंडवाला, तिघांनी मिळून जेवणाच्या सुट्टीत लिहून काढलं. या कामाच्या प्रमुख म्हणून माझं नाव लागलंय.

परत आल्यावर विठ्ठलरावांना सांगितलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, आरामखुर्चीत बसून ऐकत होते. माझं सांगून संपल्यावर म्हणाले, ‘शाब्बास बेटी, जे मला जमलं नाही ते तू केलंस. आता अर्ध्यात सोडू नक्को.’ मार्चपासून मी आठवड्यातले चार दिवस नारायणखेडला असेन. होळीनंतर ती पत्र्याची खोली तापायला लागते आणि वैशाखात तर तिथे हात लावीन तिथे चटका बसतो. मला तोच वैशाख हवाय.

आता तू म्हणशील, हे सगळं मला पत्रात कशाला? डिसेंबरमध्ये तुमच्या कोठी भागातल्या घरी बैठक बसली होती, आठवतं? तुझे बाबा म्हणून शशिकांतकाकाच बोलले, मुलगी नोकरी सोडेल, तिकडे जाऊन घर बघेल, वैशाखातला मुहूर्त धरू. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मी खाली मान घालून बसले, मुली बसतात तशी. तारामतीकाकूंनी लगेच साखर वाटली. माझं गप्प राहणं होकार म्हणून धरलं गेलं. तो होकार नव्हता. म्हणून काल मी एकटी तुमच्या घरी जाऊन काका-काकूंना तोंडावर सांगून आले, की हेमंत मला आवडतो, लग्न मला त्याच्याशीच करायचंय, पण वैशाखात नाही, आणि राजीनामा देऊन तर नाहीच. मार्गशीर्षात करू, ऑक्टोबरची बैठक झाली की. पुढे कुठे राहायचं ते आपण दोघं बसून ठरवू, इतरांनी नाही. काका फार रागावले. काकू दारापर्यंत आल्या आणि नुसता माझा हात दाबला. मी कागदांवर सही करणार नाही. पण हे पत्र माझी हरकत कळवायला लिहिलेलं नाही, ती आता सगळ्यांना कळलीय. त्या दिवशी त्या खोलीत आणखी एक जण गप्प होता, हेमंत. काका बोलत होते तेव्हा तू चहाच्या कपात बघत होतास. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी परस्पर लावला, मीही लावला, आणि गेले दोन महिने त्याच अर्थाशी मनात भांडत बसलेय. आता मला तो तुझ्या तोंडून ऐकायचाय. हो असेल तर हो म्हण, नाही असेल तर नाही म्हण, मी दोन्ही ऐकून घेईन. फक्त या वेळी गप्प बसू नकोस.

आणि हे मी कुणी न विचारता, स्वतःहून म्हणतेय,
तुझीच,
रश्मी