खडे रचणारा उंदीर

डिंडोली, सुरत

रंजनाताईला धाकट्या जयश्रीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आप्पांचा खोकला कसा आहे?

शेतात उंदीर धरताना आप्पा म्हणायचे, "बिळाच्या तोंडाशी खडे रचणारा वेगळ्या कुळीचा." मी तेच इथल्या प्रयोगशाळेत सांगितलं, तेव्हा साहेब हसले होते. मग खडे रचणाऱ्या आणि साध्या उंदराची जनुकं तपासली. दिसायला सारखे, पण दोघांची कुळं लाखो वर्षांपूर्वीच वेगळी झालेली निघाली.

साहेबांचा लेख छापून आला. त्यात आप्पांचं नाव नाही, माझंही नाही. विचारलं, तर म्हणाले, "तू फक्त पिंजरे लावलेस."

आप्पांना एवढंच सांग, तुमचं खरं निघालं. नाव कुठं छापलंय विचारलं, तर सगळं इंग्रजीत आहे म्हण.

तुझीच,
जयश्री