छोट्या मखमलीची नोंद

मी मॅग्नुसिना हार्कस, वय शहात्तर, अविवाहित, राहणार वेस्ट्रे बेट, ऑर्कनी, स्कॉटलंड. डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब आणायला येईल त्याला मी दारातूनच वाटेला लावते. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर आणि मेंढ्या माझा भाचा सँडर व त्याची बायको इंगा यांच्या मुलास द्याव्यात. मुलगा आज नऊ दिवसांचा आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

२. घराण्याच्या शोधाची माझी तीस वर्षांची टिपणं जाळावीत. आमच्यात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात, म्हणून एकाआड एक पिढी मॅग्नस. १७९४, १८५१, १९०७, आणि १९८६ साली माझा भाऊ, सँडरचा बाप. चौघेही मॅग्नस, चौघेही बुडाले. हे सांगितलं तर सँडर हसला. "आत्या, कोळ्याच्या घरातली माणसं बुडणार नाहीत तर काय घोड्यावरून पडणार?" इंगा मात्र पोटावर हात ठेवून म्हणाली, "मग दुसरं नाव सांगा ना, आत्या."

मी पीटर सांगितलं. १८११ साली १७९४च्या मॅग्नसच्या सुनेने, मार्जरी हार्कसने, हट्टाने पहिल्या मुलाला मॅग्नसऐवजी तेच नाव दिलं होतं. बारशाच्या वहीत हा पीटर आहे, बुडालेल्यांत नाही. आमच्याकडचा मुलगा वह्यांतून नाहीसा झाला, की तो कॅनडाला कातड्यांच्या व्यापारात गेला असं आम्ही धरूनच चालतो. मीही धरलं. मूर्ख म्हातारी!

३. काल चर्चची मखमलीची वही हाती लागली. प्रेतावर घालायची मखमल पूर्वी चर्चकडून मिळे. मोठ्यांना मोठी, लेकरांना छोटी. "छोटी मखमल. पीटर हार्कस. वय अकरा दिवस." पुढच्या वर्षी मार्जरीला दुसरा मुलगा झाला, त्याचं नाव तिने मुकाट्याने मॅग्नस ठेवलं. १८५१ साली बुडाला तो हाच.

जन्माची सरकारी नोंद सँडरने अजून केलेली नाही, पण घरात सगळे बाळाला पीटरच म्हणतात. माझ्या शब्दावर. मला फार भीती वाटते आहे, आणि त्यांना सांगायची हिंमत होत नाही. सोबतच्या पाकिटात त्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं आहे, ते बाळाच्या बाराव्या दिवशी उघडावं.

४. भावाची जुनी होडी फोडून जळणाला घ्यावी. चुलत बहीण डेव्हिनाला काहीही देऊ नये. भाऊ गेला तेव्हा भेटायला येऊन "नावच तसं" म्हणाली होती. खरं बोलली, हाच माझा राग.

५. मुलगा होईपर्यंत थांबायचा धीर बाबांना नव्हता, म्हणून बुडालेल्या आजोबांचं नाव, मॅग्नसचं मॅग्नुसिना करून, आधी मला लावलं. मुलीचं म्हणून ते आजवर कुणी मोजलं नाही, मीसुद्धा नाही. आज दुपारी मी पाळण्याशेजारी बसायला जाते आहे, अकरावा दिवस उलटेपर्यंत. इंगाने विचारलं तर मदतीला आले म्हणेन. हार्कसांपैकी कुणाला न्यायला कुणी आलंच, तर दार मी उघडणार आहे, आणि आधी माझं नाव सांगणार आहे.

वेस्ट्रे, १४ नोव्हेंबर २०१९
(सही) मॅग्नुसिना हार्कस

साक्षीदार: रॉबिना ड्रेव्हर, शेजारीण. सही माझ्यासमोर केली. हात स्थिर होता. बाहेर पडताना तिने अंगावर चांगला कोट घातला.