अंगठ्याचा काळा डाग

तीर्थरूप बाबा,
तुमच्यासारखेच काळे हात झालेल्या धाकट्याचा नमस्कार.

मागच्या पत्रावरचा अंगठ्याचा डाग काजळीचाच, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. जन्मभर स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याला कोण फसवणार? पण काळजी नको, रायफल साफ करणं रोजचंच काम आहे.

गोळी सुटली की तिच्यामागचा गरम वायू नळीच्या बारीक भोकातून वर येतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवी गोळी आत जाते. भोकात काजळी धरली की दट्ट्या अर्ध्यातच दमतो आणि काडतूस अडकतं. मग तुम्ही स्टोव्हला मारता तशीच भोकात पिन मारायची, दट्ट्या खरवडून कोरडा पुसायचा. परवा शेजारच्या जवानाची रायफल ऐन वेळी अडकली. तो बरा आहे, आता बोलतोसुद्धा.

आईचा गुडघा कसा आहे? इथं सगळं शांत आहे, असं मी तिला कळवलंय. जाळाशिवाय काजळी धरत नाही, हे तिला सांगू नका. डाग शाईचा म्हणा.

तुम्हाला मात्र खरं कळायला हवं. यापुढे ज्या दिवशी गोळ्या झाडाव्या लागतील, त्या दिवशी हात न धुता पत्र लिहीन.

हे पत्र उलटून बघा.

तुमचा,
धाकटा