थंड तळ्याच्या नावाड्याचं थडगं

प्रिय ताई,

फोनवर काहीही बोललं की ते तुझ्या खोलीतल्या सगळ्या मुलींना ऐकू जातं, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. एकटी असशील तेव्हाच वाच. बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, तरी चहाची पानं खुडायला जातातच. तू पाठवलेला कोट अजून घडी मोडून घातलेला नाही. "चांगल्या दिवशी घालीन," म्हणतात.

तालुक्याच्या सांस्कृतिक कचेरीत गेले काही महिने एकच विषय चालू आहे: आई रेडिओवर ऐकायची ती कादंबरी आणि तिचा लेखक. तुला आठवतं ना, आई भाताच्या पेंढ्याचे दोर वळत बसायची आणि कथेकऱ्याचा आवाज आला की हात थांबायचे. लिहितावाचता येत नव्हतं तिला, पण शंभर अध्याय तोंडपाठ. त्यातली दासी बर्फात गोठून मरते, ते आईला कधी पटलंच नाही. आपल्याला सांगताना तिने त्या पोरीला डोंगरापलीकडे नेऊन शेवयांची खानावळ काढून दिली होती. विद्यापीठात मी मूळ पुस्तक वाचलं तेव्हा त्या पानावर अडखळले. मला वाटलं, छापणाऱ्याचीच चूक आहे.

त्या पुस्तकावर लेखकाचं नाव नाही, टोपणनाव आहे, 'थंड तळ्याचा नावाडी'. तो कोण, कुठला, हे चारशे वर्षांत कुणालाही कळलेलं नाही. त्या काळी शिकल्यासवरल्या माणसाने कादंबरी लिहिणं म्हणजे घराण्याची बेअब्रू, म्हणून नाव झाकायचं. आणि मुळात एकट्याने लिहिलं असेल असंही नाही. आधी चहाच्या दुकानांतून कथेकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सांगितलं, प्रत्येकाने आपलं काही घातलं, नको ते गाळलं, मग कुठल्याशा पुस्तकविक्याने ते कुणाकडून तरी जुळवून घेतलं. आमचे सर म्हणायचे, जिथे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असं लिहायला सगळ्यात जास्त धाडस लागतं. तू शाळा सोडून शिलाईयंत्रावर बसलीस, तेव्हा मी हे वाक्य शिकू शकले. मला ते फार आपलं वाटायचं.

शेजारच्या तालुक्याने लेखक आपला असल्याचं जाहीर करून टाकलं, चौकात पुतळाही बसवला. आमच्या कचेरीचे फांग साहेब तो बघून आले आणि दिवसभर धुमसत होते. "नावाड्याला घोड्यावर बसवलाय! घोड्यावर! आणि लोक तिकीट काढून बघतायत!" मग आपल्या बगळेटेकडीच्या उतारावर एका गुराख्याला जुन्या विटा सापडल्या. विटा खरोखरच जुन्या होत्या, त्या काळातल्याच. साहेबांनी त्याच दिवशी लाल झेंड्या रोवल्या, पहारा बसवला आणि ठरवूनही टाकलं, की नावाडी इथेच पुरलेला आहे. अहवाल मी लिहायचा. "तू याच गावची, त्यात पदवीधर, तेही प्राचीन साहित्यातली. तुझी सही म्हणजे देवळातला शिक्का!"

मी नाही म्हटलं. ताई, खरं सांगते, मला भीती वाटली नाही, उलट छाती भरून आली. मी म्हटलं, चार विटांवरून थडगं ठरत नाही आणि थडग्यावरून लेखक ठरत नाही. साहेब चिडले नाहीत, नुसते हसले. "बरं बाई, नको तर नको. थडगं असलं तर तिथे कुदळ लावता येत नाही, कायदाच आहे. नसलं तर टेकडी मोकळी. पुतळा चौकात उभारू आणि त्या उतारावर गाड्या लावायची जागा करू. सोमवारी यंत्र येईल."

घरी येऊन मी बाबांना सगळं मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. मग म्हणाले, "विटा मी ठेवल्यात."

मला समजेना. ते म्हणाले, "पडक्या कुलमंदिरातल्या आहेत. तिच्या उशाशी ठेवल्या. दगड लावता येत नव्हता, माती वर उचलता येत नव्हती. मला जागा कळायला नको का?"

ताई, आई गेली तेव्हा माझी परीक्षा होती आणि तुला रजा मिळत नव्हती. आपण पोचलो तेव्हा बाबांनी कलश दाखवला. म्हणाले, मामाच्या गावी गेली, तिथल्याच सरकारी भट्टीत दहन झालं. तो कलश आपण गावच्या अस्थिघरातल्या कोनाड्यात ठेवला, दर वर्षी तू त्याच्यापुढे संत्री मांडतेस. त्यात भाताच्या पेंढ्याची राख आहे. आई कायम काय म्हणायची ते तुला ठाऊक आहे: "मला अख्खी मातीत घाला. जळून गेले तर वर सासूबाई मला ओळखणार कशा? आधीच त्यांची नजर अधू!" आपण हसायचो. बाबांनी तिला वचन दिलं होतं. पुरायला सरकारची बंदी आहे, दहनच करावं लागतं, हे ठाऊक असून त्यांनी आणि मामाने पहाटेच्या धुक्यात तिला टेकडीवर नेलं. वर गवताचे गड्डे परत जसेच्या तसे लावले. ना मयताचे फटाके, ना शोकाची पांढरी वस्त्रं, ना कुणाचं रडणं. मामा आता नाही. हे जाणणारे बाबा एकटेच उरले होते.

बाबा म्हणाले, "हलवू तिला." मग स्वतःच म्हणाले, "कशी हलवणार? चौकीदार कंदील घेऊन बसलाय." यंत्र आलं असतं तर ती वर आली असती. तिला भट्टीत नेलं असतं आणि बाबांना चौकीवर. मी म्हटलं, खरं सांगून विनवणी करू. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते वाक्य मी पुन्हा काढलं नाही.

शनिवारी मी सही केली. 'सदर ठिकाणी थंड तळ्याच्या नावाड्याचे थडगे असल्याचे मानण्यास सबळ आधार आहे.' वाक्य माझंच आहे, व्याकरणात कुठे चूक नाही. साहेबांनी चहा मागवला. "आली ना अक्कल ताळ्यावर! मी म्हणत नव्हतो, शिकलेली माणसं उशिरा पण बरोबर वळतात!" अहवाल प्रांताच्या मासिकात छापून आला. उद्या कुणी विद्यार्थी तो आधार म्हणून दाखवेल, मग त्याचा आधार दुसरा घेईल. चारशे वर्षं लोक त्या पुस्तकावर खोटी नावं चिकटवत आलेत, त्यांत हे एक खोटं थडगं माझं. सरांचं पत्र आलं आहे. मी ते फोडलेलं नाही. तुझी बोटं सुईखाली जाऊन मिळालेल्या शिक्षणाचं मी हे केलं. तू मला काय म्हणशील, याचा विचार करून करून थकले. त्या वाक्याचं मला समर्थन करायचं नाही. पण तो कागद पुन्हा समोर आला तर मी पुन्हा सही करीन, आणि हेच मला सहन होत नाही.

आता त्या उतारावर संगमरवरी कट्टा झाला आहे. भलामोठा दगड उभा केलाय, त्यावर एका पुरुषाचं नाव, तेही टोपण. आईचं नाव कुठेच नाही, यापुढे कधी येणारही नाही. बाबा रोज संध्याकाळी तिकडे चक्कर मारतात. चौकीदाराला वाटतं, म्हाताऱ्याला साहित्याचं वेड आहे.

हे तुला लिहिलं ते एवढ्यासाठी. छिंगमिंगला, सगळे आपापल्या माणसांची थडगी झाडायला जातात त्या दिवशी, तिथे उद्घाटन आहे. तालुक्यातले झाडून सगळे अधिकारी येतील, धूप लावतील, कमरेत वाकतील. श्रद्धांजली मी वाचायची आहे. पाहुण्यांनी पांढरं घालावं, असं पत्रिकेतच छापलंय. ताई, काहीही करून रजा काढ. या वेळी कलशाकडे जाऊ नकोस, सरळ टेकडीवर ये. बाबा तू दिलेला कोट घालणार आहेत. वाचून झालं की मी गुडघे टेकीन. तू माझ्या शेजारी बस आणि कपाळ जमिनीला लाव, लेकींनी लावायचं तसं, तीनदा. आपलं रडणं सगळं पेंढ्याच्या राखेपुढे झालं. तिच्यापुढे अजून कुणीच रडलेलं नाही. त्या दिवशी मोठ्याने रडलीस तरी कुणी विचारणार नाही.

तुझीच धाकटी,
सूपिंग