खोकं रिकामं

शुक्रवार, संध्याकाळ

औरंगपुऱ्यातून मांजरीच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर घेऊन आले, तर कूलरचं खोकं रिकामं! मांजरीला दूध उतरत नव्हतं, म्हणून तीन दिवस मीच ड्रॉपरनं पाजतेय. मांजर पिल्लं घेऊन गेली की काय? सारखं त्या खोक्यात डोकावायची मला काय गरज होती?

सासूबाईंना विचारायला धावले. घरात मांजर आणली म्हणून अबोला धरलेल्या त्या चक्क फरशीवर बसलेल्या. त्यांच्या पलंगाला जुन्या लुगड्याचा आडोसा, आणि आत गादीवर चारही पिल्लं आईला लुचत होती. ते मरतुकडं पांढरंसुद्धा!

"तू सारखी खोक्यात बघायलीस, दूध कसं उतरंल? बाळंतिणीला आडोसा लागतो."

"पण आई, तुम्ही झोपणार कुठं?"

"इथंच खाली. बाळंतिणीजवळ कुणीतरी नको का?"